सर्च केलं की वरच एआयचं उत्तर येते, मग आमच्या तालुक्याच्या साईटवर कोण येईन? याच्यावर काही नियम येऊन राहिला का?

पांदण_रस्ता

राम राम मंडळी, थोडं लंबं लिहून राहिलो, वाचून घ्या. मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो, मी, बायको आणि भाचा मिळून एक छोटी मराठी वेबसाईट चालवतो. बाजारभाव, सरकारी योजनांच्या मुदती, कापूस खरेदी कोणत्या केंद्रावर चालू अन् कुठं बंद, अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी कोणत्या मंडळाची लागली, असं सगळं. मोठ्या पेपरवाल्यांना ज्याच्यात इंटरेस्ट नाही ते आम्ही टाकतो.

आमचे वाचक काही साईटचं नाव पाठ करून येत नाहीत. मोबाईलवर "आज कापूस भाव" टाकून पुढं गावाचं नाव लिहितात, नाहीतर माईक दाबून बोलतात, आणि आमची लिंक दिसली की दाबतात. आता होते काय की वरच एआयचा सारांश येते, चार ओळीत सगळं सांगून टाकते, माणूस वाचते अन् फोन खिशात. खाली आमची लिंक असते पण तिथवर कोणी जातच नाही. जाहिरातीचे पैसे तसेही काही फार नव्हते, नेटचं बिल अन् भाच्याच्या गाडीचं पेट्रोल निघायचं, आता तेही ओढाताण करून.

पण पैशापेक्षा दुसरीच गोष्ट डोक्यात बसली. परवा एकानं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव विचारला त वरच्या सारांशात आलं ७५२१. तो २०२४-२५ चा भाव हाये, २०२५-२६ चा ८११० हाये. अन् दुवा कोणाचा दिला? आमच्याच जुन्या पानाचा. त्या पानावर वर्ष ठळक लिहिलेलं हाये, सारांशात मात्र वर्ष गायब. त्या माणसानं मलाच फोन करून झापलं की खोटे भाव कायले टाकता.

त मला जाणकारांकडून एवढंच पाहिजे की हे बंद करता येते का, म्हणजे सर्चमध्ये दिसलं पाहिजे पण सारांशात आपला मजकूर नको, असं? आणि युरोप-इंग्लंडात काही नियम होऊन राहिले असं उडत उडत ऐकलं, आपल्याकडं काही हाये का? आमच्यासारख्या बारक्या लोकांना त्याच्यातून काही मिळन का का फक्त मोठ्यांचंच भलं?

कोडवाला_वर्धा

दादा, तुम्ही कोणत्या सर्चचं म्हणता ते लिहिलं नाही, चालते. मी गूगलचं सांगतो कारण जगात ज्या चौकश्या चालू हायेत त्या जास्त करून तिच्यावरच हायेत. त्यांचं एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे तुम्ही म्हणता तोच वरचा सारांश, मे २०२४ मध्ये अमेरिकेत सगळ्यांसाठी सुरू झालं, ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आलं.

बंद करायचं म्हटलं की पहिले सगळे रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलकडं धावतात, साईटवर कोणत्या बॉटनं (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) यायचं नाही ते तिच्यात लिहितात. तिथं गूगल-एक्सटेंडेड नावाची एक ओळ टाकता येते, सप्टेंबर २०२३ पासून ती सोय हाये, पण ती जेमिनी या गूगलच्या एआयच्या ट्रेनिंगसाठी, म्हणजे त्याला शिकवायसाठी. सर्चमधल्या सारांशावर तिचा काही परिणाम नाही, कारण कंपनी सारांशाला सर्चचाच एक भाग मानते आणि सर्चसाठी तुमच्या साईटवर येतो तो गूगलबॉट. त्याला अडवलं की सारांशातून गेले आणि सर्चमधूनही गेले, म्हणजे दुकानच बंद. क्लाउडफ्लेअर या साईटी सांभाळणाऱ्या कंपनीनं जुलै २०२५ पासून नव्या साईटसाठी एआयचे बॉट आपोआप अडवणं सुरू केलं, ओपनएआय (चॅटजीपीटीवाले) वगैरेंच्या बॉटसाठी ते कामाचं हाये, पण इथं गाडी तिथंच अडकते, कारण दोन्ही कामाला बॉट एकच.

उरलं नोस्निपेट. हा टॅग पानावर टाकला की सारांशात मजकूर घेत नाहीत. पण मग साध्या रिझल्टच्या खाली ज्या दोन ओळी दिसतात त्याही जातात, नुसतं शीर्षक उरते, आणि नुसत्या शीर्षकावर कोण क्लिक करन बावा. मॅक्स-स्निपेट म्हणून एक हाये, त्यात किती अक्षरं दाखवायची ते ठरवता येते, पण दाखवायला थोडं ठेवलं त तेवढं सारांशालाही मोकळं. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे डेटा-नोस्निपेट, तो पूर्ण पानाला न लावता पानातल्या एका तुकड्याला लावता येते. तुमच्या केसमध्ये भावाचा तक्ता झाकायचा अन् वरची दोन वाक्यं उघडी ठेवायची.

क्लिकचं म्हणाल त तुमचा अंदाज बरोबर हाये. अमेरिकेत प्यू रिसर्चनं मार्च २०२५ मधलं ९०० लोकांचं ब्राउझिंग तपासलं होतं. सारांश दिसला तेव्हा खालच्या साध्या लिंकवर क्लिक झालं फक्त ८ टक्के वेळा, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. आणि सारांशाच्या आतल्या लिंकवर? १ टक्का. गूगलनं हा अभ्यास मान्य केला नाही, त्यांचं म्हणणं की एकूण क्लिक जवळपास तेवढेच हायेत आणि येणारा माणूस जास्त वेळ थांबते. आता ते आकडे त्यांच्याकडंच, आपण काय तपासणार.

बिनपाण्याचा_कास्तकार

भाऊ राग नोका मानू पण मले त तो सारांश बरा वाटते. कायले सांगू का? तुमच्यासारख्या साईटी उघडल्या की पहिले एक जाहिरात, मंग नोटिफिकेशन चालू करा, मंग व्हाट्सअप ग्रुपले जॉइन व्हा, मंग "कापसाच्या भावात मोठी उलथापालथ, शेतकऱ्यांनो पहा" असं मथळा, खाली वाचत जा वाचत जा, भाव सापडतच नाई. शेवटी लिहिते की भाव स्थिर हाये. अरे मंग उलथापालथ कायची. वावरात नेट एक दांडी येते, तेवढ्यात सारांश दिसून जाते त माह्यं काम झालं ना.

अन् दुसरं, हे भाव तुम्ही तरी कुठून आणता? बाजार समितीचे, पणन मंडळाचे आकडे उचलूनच टाकता ना. तुम्ही उचललं त पत्रकारिता अन् मशीननं उचललं त चोरी, हे कसं काय.

पांदण_रस्ता

भाऊ राग कायचा, मथळ्याचं तुमचं बरोबर हाये, तसल्या साईटी मलाही नकोशा होतात. आमच्याकडं व्हाट्सअप ग्रुपचा डबा हाये हे मात्र खरं, तो ठेवणार, कारण सर्चवर भरवसा राहिला नाही.

पण भाव कुठून आणतो ते ऐका. समितीचा आकडा म्हणजे किमान, कमाल, सर्वसाधारण, बस. भाचा सकाळी यार्डात जाते, अडत्यांशी बोलते, जिनिंगवर जाते. बारा टक्क्यांच्या वर ओलावा निघाला त केंद्रावरून गाडी परत येऊन राहिली का, कडता (वजनातली कपात) किती कापून राहिले, चुकारा (मालाचे पैसे) किती दिवसात पडून राहिला, गाड्यांची रांग कुठवर गेली, कपास किसान ॲपवर नोंदणी केलेल्याला स्लॉट भेटला का नाही, हे कोणत्या सरकारी तक्त्यात नाही. हे आम्ही लिहितो तेव्हा ते सर्चमध्ये येते अन् मग सारांशात. आकडा सगळ्यांचा हाये हो, पण रांगेत उभं राहून आणलेली गोष्ट कोणाची?

कायद्याची_पोरगी

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे 🙂 मी नागपूरला एलएलबीला आहे, घरी संत्र्याची बाग, म्हणून हा विषय दोन्हीकडून माहिती. भाव हा नुसता आकडा म्हणजे तथ्य, त्यावर कॉपीराइट कोणाचाच नसतो. तुमच्या भाच्यानं रांगेचं जे वर्णन स्वतःच्या शब्दात लिहिलं त्यावर तुमचा कॉपीराइट आहे, पण सारांश ते शब्द फिरवून, वेगळ्या वाक्यात मांडतो, त्यामुळे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो पकडायला अवघड जातं. म्हणूनच बाहेरच्या देशात हे प्रकरण जास्त करून स्पर्धा कायद्यातून पुढे जातंय, म्हणजे प्रश्न "चोरी केली का" असा न विचारता "एवढ्या मोठ्या कंपनीनं समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवली का" असा विचारतात.

इंग्लंडचं सांगते. तिथं २०२४ चा डिजिटल बाजारांचा कायदा आहे, जानेवारी २०२५ पासून लागू. त्याखाली तिथल्या सीएमए म्हणजे स्पर्धा प्राधिकरणानं १० ऑक्टोबर २०२५ ला गूगलला सर्चमध्ये "स्ट्रॅटेजिक मार्केट स्टेटस" दिलं, म्हणजे ही कंपनी एवढी मोठी की तिला वेगळे नियम लावता येतील. मग जानेवारी २०२६ मध्ये प्रस्ताव मांडला, त्यात दादा तुम्ही जे विचारलं तेच आहे जवळपास शब्दशः: प्रकाशकाला सर्चमध्ये राहून एआय ओव्हरव्ह्यूमधून बाहेर पडता आलं पाहिजे आणि सारांशात मजकूर घेतला तर स्रोत नीट दाखवला पाहिजे. गूगलनंही वेगळं बंद करायचं बटण देता येईल का ते बघतोय असं म्हटलं.

युरोपियन कमिशननं ९ डिसेंबर २०२५ ला औपचारिक चौकशी उघडली. प्रकाशकांना योग्य मोबदला न देता आणि नकार द्यायची खरी सोय न ठेवता त्यांचा मजकूर सारांशासाठी वापरला का, यूट्यूबच्या व्हिडिओंचंही तसंच का, हे तपासतायत. दोष सिद्ध झाला तर दंड जगभरच्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. अमेरिकेत पेन्स्के मीडिया या प्रकाशन कंपनीनं सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलवर ओव्हरव्ह्यूवरूनच दावा ठोकला. आणि तिथल्याच जुन्या सर्च मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीचा आतला एक कागद बाहेर आला, त्यात प्रकाशकांना किती निवड द्यायची याचे पर्याय लिहिलेले होते, म्हणजे असं करता येतं हे माहिती होतं, केलं नाही. मला तरी सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

आता आपल्याकडं. डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशनच्या तक्रारीवर सीसीआयनं ७ जानेवारी २०२२ ला गूगलची चौकशी लावली, पण ती बातम्यांच्या लिंक, तुकडे आणि जाहिरातीच्या पैशाबद्दल, तेव्हा हे सारांश नव्हतेच. एआयवर सध्या जास्त गाजतंय ते डीपीआयआयटीच्या, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्यातल्या विभागाच्या, समितीचं डिसेंबर २०२५ चं टिपण. त्यात असं सुचवलंय की एआय कंपन्यांना कायदेशीर मिळालेला सगळा मजकूर ट्रेनिंगला वापरायचा सरसकट परवाना द्यायचा, लेखकाला नाही म्हणता येणार नाही, बदल्यात कंपनीच्या कमाईतून रॉयल्टी कापायची आणि एक मध्यवर्ती संस्था ती वाटणार. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेनं त्यात वेगळं मत नोंदवलं, त्यांना रॉयल्टीच नको. पण नीट बघा, हे ट्रेनिंगबद्दल आहे. तुमचं आजचं पान उचलून आज सारांशात दाखवणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला हे टिपण नीट हातच लावत नाही. दिल्ली हायकोर्टात एएनआय ही वृत्तसंस्था विरुद्ध ओपनएआय हा खटला नोव्हेंबर २०२४ पासून आहे, तिथंही मुख्य भांडण ट्रेनिंगचंच.

बिनपाण्याचा_कास्तकार

ताई एक मिनिट, सीसीआयनं गूगलची चौकशी?? ते त आपला कापूस घेते ना 😂 इकडं ग्रेडर आमची गाडी परत पाठवते अन् तिकडं गूगलचा ओलावा मोजून राहिले का

कायद्याची_पोरगी

हाहा नाही हो काका, ते कॉटन कॉर्पोरेशन, हा स्पर्धा आयोग, कॉम्पिटिशन कमिशन. माझ्या बाबांनाही पेपरात वाचून असंच वाटलं होतं.

साप्ताहिकवाले_काका

मी गेली कित्येक वर्षं साप्ताहिक काढतो, आता छापील अंक सरकारी जाहिरातीपुरता उरला ही गोष्ट वेगळी. बाळांनो, पैशाच्या वाटेनं जाऊ नका एवढं सांगायला आलो.

जर्मनीनं २०१३ मध्ये कायदा केला की बातमीचे तुकडे दाखवायचे तर प्रकाशकाला पैसे द्या. ॲक्सेल श्प्रिंगरसारख्या बलाढ्य प्रकाशन कंपनीनं २०१४ मध्ये फुकट तुकडे द्यायला नकार दिला, दोन आठवड्यात सर्चमधून येणारी गर्दी जवळपास ४० टक्के घटली आणि गपगुमान परत परवानगी दिली. स्पेननं सक्तीचे पैसे लावले तर गूगल न्यूजच डिसेंबर २०१४ मध्ये तिथून बंद झालं, २०२२ ला परत आलं. कॅनडानं २०२३ मध्ये कायदा केला, गूगलनं वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं, पण मेटानं फेसबुकवरून बातम्याच काढून टाकल्या. त्याचा फटका कोणाला बसला, मोठ्या दैनिकाला कमी, ज्यांचा वाचकच फेसबुकवर होता त्या गावोगावच्या बारक्या पेपरला जास्त.

आता आपल्या मध्यवर्ती संस्थेची कल्पना करा. दिल्लीत बसून रॉयल्टी वाटणार. यादीत नाव घालायला नोंदणी, नोंदणीला प्रमाणपत्र, प्रमाणपत्राला खपाचा दाखला. पांदण_रस्ता, तुमच्या साईटला कोण विचारतं? आमच्या साप्ताहिकाचं जाहिरातीचं बिल मंजूर होऊन हातात पडेस्तोवर पुढच्या हंगामाची पेरणी होते. तेव्हा मोबदला वगैरे मोठ्यांना भांडू द्या, आपण लहानांनी एकच मागणी धरावी, नाही म्हणायचा हक्क, आणि नाही म्हटलं म्हणून सर्चमध्ये खाली ढकलायचं नाही. इंग्लंडचं म्हणूनच मला पटतं, पैशाआधी ते नकाराचं बोलतात.

कायद्याची_पोरगी

काका नोंदणीचं तुमचं दुखणं खरं आहे, पण नुसता नकार घेऊन करायचं काय? दादांनी नकार दिला तर सारांश बंद होणार नाही, तो दुसऱ्या कोणाच्या पानावरून बनेल, कदाचित त्याच उलथापालथवाल्या साईटवरून. मराठीत असा मजकूर आधीच थोडा आहे. ज्यांनी नीट लिहिलं ते बाहेर पडले तर खाली उरलेल्या गाळातून उत्तर तयार होईल आणि तेच आपल्या लोकांच्या हातात जाईल. सगळ्यांनी मिळून नकार दिला तरच त्याला वजन, आणि सगळे मिळून सौदा करायचा तर परत एखादी संस्था आलीच ना. ऑस्ट्रेलियात २०२१ च्या कायद्यानं प्रकाशकांना एकत्र येऊन बोलणी करायची मुभा दिली होती, तसं काहीतरी विदर्भातल्या लहान साईटींना का नको?

साप्ताहिकवाले_काका

विदर्भातले चार संपादक एका टेबलावर चहा तरी पितात का ते सांग पहिले.

बाकी गाळाचा मुद्दा मान्य, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मग निदान चुकीची जबाबदारी तरी ठरवा. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होते, मी ते वॉर्ड पाहिलेत. त्यात औषधं एकमेकात मिसळून मारणं हेही एक कारण होतं. आता पोरं पंपात काय मिसळायचं ते मोबाईलला विचारतात. एखाद्या कृषी केंद्रवाल्यानं चुकीचं सांगितलं तर त्याचा परवाना आहे, दुकान आहे, जाऊन गचांडी धरता येते. विद्यापीठाच्या शिफारशीवर अकोल्याचं नाव असतं. सारांशानं दोन शिफारशी जोडून तिसरीच बनवली तर धरायचं कोणाला? खाली बारीक अक्षरात लिहितात की एआयचं उत्तर चुकू शकतं, झालं.

कोडवाला_वर्धा

काकांच्या मुद्द्याला जोड देतो. जानेवारी २०२६ मध्ये गार्डियननं आरोग्याच्या सारांशातल्या चुका छापल्या, लिव्हरच्या रक्त तपासणीचे आकडे वय-बिय न पाहता सरसकट दिले होते, त्याच्यानंतर कंपनीनं तशा काही प्रश्नांवरचे सारांश काढून टाकले. म्हणजे विषय पाहून बंद करता येते. मग फवारणीच्या औषधाचं प्रमाण, मिश्रण, हे विषय त्या यादीत काहून नाही? पण इंग्रजीत चूक झाली त मोठा पेपर छापते, मराठीतली कोण छापन. आपल्या सरकारनं नियम केलाच त मला वाटते पहिले हे पाहिजे, की ज्याच्या पानाचा दुवा लावला त्यानं चूक कळवली की ठराविक वेळात सारांश दुरुस्त झाला पाहिजे, अन् कळवायची जागा मराठीत पाहिजे. थम्स डाऊनचं बटण दाबून काय होते कोणास ठाऊक.

बिनपाण्याचा_कास्तकार

हे मात्र बरोबर बोलले. भावात शंभर-पाचशेचा फरक झाला त माणूस यार्डात जाऊन पाहून घेते, औषधाचं तसं नाई. मी त फवाऱ्याचं अजूनही डब्ब्यावरचं वाचून नाईतर कृषी सहायकाले फोन लावूनच करतो, फोन उचलला त उचलला.

पण भाऊ तुमी तक्ता झाकसान त माह्यं काय होईन? मले त भाव पाहिजे, मले पुन्हा ती जाहिरात बंद कराले लावू नोका.

पांदण_रस्ता

सगळ्यांचे आभार, एवढं डिटेल कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. काकांचं अन् ताईचं दोघांचंही पटून राहिलं म्हणून अजून गोंधळ, पण मी असं करतो की भावाचा तक्ता उघडाच ठेवतो, तो आकडा तसाही कुठूनही उचलतील, आणि वर तारीख अन् हंगाम प्रत्येक ओळीतच घुसवतो म्हणजे वर्ष गाळून उचलणं जरा कठीण जाईन. भाच्याची जी यार्डातली खबर असते, रांग, ओलावा, कडता, चुकारा, ती डेटा-नोस्निपेटमध्ये टाकतो. ज्याला ती पाहिजे तो आत येईन. कास्तकार भाऊ, जाहिरात पानाच्या खाली नेतो, तुमच्यासाठी. फवारणीचे जुने लेख मात्र पूर्णच झाकून टाकतो नोस्निपेट लावून, कोणी आलं नाही तरी चालन पण त्याचे तुकडे नको.

कोडवाले भाऊ, वर्डप्रेसमध्ये मी पॅराग्राफला तो टॅग लावून पाहिला पण तपासलं त काही फरक दिसून नाही राहिला, तुकडा तसाच येते. काय चुकून राहिलं?

कोडवाला_वर्धा

पॅराग्राफच्या टॅगवर तो चालत नाही, फक्त स्पॅन, डिव्ह आणि सेक्शन या तिघांवरच चालते. वर्डप्रेसमध्ये कस्टम एचटीएमएलचा ब्लॉक घ्या, तो सगळा मजकूर एका डिव्हमध्ये गुंडाळा आणि टॅग डिव्हला लावा, आतमध्ये मग पॅराग्राफ असो का तक्ता, काही फरक पडत नाही. डिव्ह नीट बंद केला का ते पाहून घ्या, बंद करायचं राहिलं त खालचं पण झाकल्या जाईन. आणि लगेच दिसणार नाही, बॉट परत येऊन पान वाचन तेव्हाच बदलन, सर्च कन्सोल या साईटवाल्यांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये जाऊन त्या पानाची परत इंडेक्सिंगची विनंती टाकली त लवकर होते.